शिडी धरा जरा

ऑर्विलने बसची शेवटची फेरी मार्चमध्ये संपवली
आणि त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर
अख्खं ब्रिटन अंथरलं.
कोपरे उडू नयेत म्हणून मीठदाणी, त्याचा चष्मा,
माझं निवृत्तीचं घड्याळ, सॉसची बाटली.
कॉर्नवॉल बाटलीखाली गेलं ते गेलंच.

"आता जिथं मन लागेल तिथं," तो म्हणाला.
एकोणतीस वर्षं एकच रस्ता,
वुल्व्हरहॅम्प्टन ते डडली, डडली ते वुल्व्हरहॅम्प्टन,
त्या माणसाला मन कुठं लागतं ते कसं कळणार?
मी विचारलं नाही. वही काढली.

रकाने आखले.
दवाखाना किती मैल. जिने किती.
पाव ताजा मिळतो का. पूर कुठवर येतो.
समुद्र दिसतो की नुसता वास.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे ताटं वाढलेली बाई मी,
वाढताना सढळ,
गुण देताना नाही.

वेल्सचे डोंगर दुरून साजरेच होते;
जवळ गेल्यावर दवाखान्याचा रस्ताही डोंगरच निघाला.
डेव्हनमध्ये एक खिडकी होती, अशी,
की मी तिच्यापुढे किंमत विचारायची विसरले.
किंमत कळल्यावर भानावर आले.
नॉर्फकला आकाशच आकाश.
"एवढं ठेवायचं कुठं?" ऑर्विल म्हणाला.

एका गावात (नाव घेत नाही, तिथलं चर्च सुंदर आहे)
चहा आणणाऱ्या बाईने त्याला विचारलं, कुठले तुम्ही?
"वुल्व्हरहॅम्प्टन."
हो, पण मुळातले?
"हीथ टाउन," तो म्हणाला, "चर्चमागची गल्ली."
ती गोड हसली.
आम्ही अर्धा स्कोन ताटलीत टाकून उठलो.
गाडीत तो काहीच बोलला नाही,
नुसते इंडिकेटर वेळेआधी देत राहिला.
घरी येऊन मी वहीत आणखी एक रकाना आखला, पेन्सिलीने.
मथळा सुचेना. कोरा सोडला.

बेरिकला नोव्हेंबरात गेलो.
पाऊस आडवा, ट्वीड नदी शिशाच्या रंगाची,
घर बघायची वेळ अकराची.
अकराला दहा कमी असताना एका गल्लीत
वरून आवाज आला:
"अहो, तुम्ही, उंच! शिडी धरा जरा. वारा फार आहे."

ऑर्विलने धरली.
मिसेस पर्व्हिस, पंचाहत्तरच्या पुढच्या,
पन्हळीतली पानं मुठीमुठीने खाली टाकत होत्या.
पानं, शेवाळ, एक टेनिसचा चेंडू,
मग आणखी एक, ऑर्विलच्या खांद्यावर.
"पलीकडची पोरं," वरून खुलासा आला.
अकरा वाजले. साडेअकरा.
मी छत्री त्याच्या डोक्यावर धरून उभी,
माझी डावी बाही पाण्याने जड.
त्यांनी एकच प्रश्न विचारला, हात दुखले का.
खाली उतरून हात पुसत म्हणाल्या,
"मागची बाजू उद्या."

ते घर तोवर कुणी दुसऱ्यानेच ठरवलं होतं.
आम्ही घेतलं ते त्यांच्यापासून तिसरं दार:
उत्तरेला तोंड, न्हाणीघरात ओल,
दवाखाना लांब, पाव बरा.
समुद्र दिसत नाही. रात्री ऐकू येतो.
वहीत बेरीज सव्वीस.
डेव्हनची एकसष्ट होती, हे मी अधूनमधून बोलून दाखवते.

नकाशा आता फडताळात कांद्यांखाली आहे.
शिडी आमच्या शेडमध्ये असते, आमची नसून.
पहाटे चारला ऑर्विल अजूनही उठतो, पहिल्या फेरीला,
मोजे घालून खिडकीशी थांबतो.
इथं त्या वेळी बस नाही.
पुलावरून एखादी मालगाडी जाते,
भरलेली की रिकामी, अंधारात कळत नाही.

मन लागलं का,
मी अजून विचारलेलं नाही.
उद्या पन्हळी काढायच्या आहेत,
आधी त्यांच्या, मग आमच्या.